उत्तीर्ण झालेला विषय एकदा तरी मोजण्याबाबत

प्रति,
मा. अधिष्ठाता,
विधी महाविद्यालय.

विषय : ‘कामगार अपघात व भरपाई’ हा उत्तीर्ण विषय कुठेतरी एकदा मोजून पदवी देण्याबाबत.

संदर्भ : याच मागणीचे माझे आधीचे अर्ज. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

महोदय,

१. मी विधी आणि समाजकार्य अशी दुहेरी पदवी घेणारी विद्यार्थिनी आहे. विधीमध्ये माझे विशेषीकरण कामगार कायद्याचे. दोन्हीकडचे सगळे विषय मी उत्तीर्ण झाले आहे, तरी हातात एकही पदवी नाही.

२. वरील विषय दोन्ही अभ्यासक्रमांत आहे. नियमानुसार दुहेरी पदवीत एक विषय दोनदा मोजता येत नाही. नियम मान्य; ‘दोनदा मोजा’ असे मी कधी म्हटलेले नाही. परंतु आपल्या कार्यालयाने ‘समाजकार्याकडे मोजला असल्याने वगळला’ असा शेरा मारला आणि समाजकार्याने ‘विधीकडे मोजला असल्याने वगळला’ असा. एकमेकांना विचारले कोणीच नाही. विषय नाही म्हणून विशेषीकरण नाही, ते नाही म्हणून विधीची पदवी नाही, आणि एक अडली की दुसरीही अडते. विशेषीकरणच सोडते म्हटले, तर अंतिम वर्षात ते सोडता येत नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी माझी गत आहे.

३. दोन्ही कार्यालये एकाच जिन्यावर आहेत. खालचे म्हणतात, आधी वरच्यांचा शेरा खोडून आणा. वरचे म्हणतात, आधी खालच्यांचा. खेटे घालून चपला झिजल्या. आपले मोठे बाबू मनाने चांगले आहेत. त्यांनी मला पंख्याखाली बसवले, पाणी दिले आणि सुचवले, की विषय पुन्हा द्या. उत्तीर्ण विषय पुन्हा देता येत नाही, हे त्यांनीच मागाहून सांगितले. मग म्हणाले, ‘बाई, नापास करा असा अर्ज द्या, म्हणजे परत बसता येईल.’ लाज गुंडाळून ठेवून तोही दिला. ‘वर्गात प्रथम आलेल्या विद्यार्थिनीस नापास करण्याची तरतूद नाही’ म्हणून तो फेटाळला गेला.

४. मी हे का सोसते आहे, ते कोणी विचारले नाही, तरी सांगते. माझी थोरली बहीण एका रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी दाबण्याच्या यंत्रावर होती. संरक्षक जाळी काढून ठेवलेली होती, कारण जाळी असली की काम हळू होते. तिचा उजवा हात रुळांत गेला. रुग्णालयाने लिहून दिले, ती कंत्राटदाराची कामगार. कंत्राटदाराने लिहून दिले, ती रुग्णालयाची. आपल्या दोन कार्यालयांचे शेरे वाचून मैत्रिणी पोट धरून हसल्या. मला हसू आले नाही, संताप आला, आणि तो अजून आहे.

५. तिच्या भरपाईच्या दाव्याची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. पदवीशिवाय वकिलीची सनद नाही आणि सनदेशिवाय मला तिच्या बाजूने बोलता येत नाही. दुसरा वकील ताईला नको. ‘परक्यासमोर हात उघडा करायला मला जमायचं नाही, तूच उभी राहा,’ म्हणते. डाव्या हाताने केस विंचरता विंचरता रोज विचारते, ‘मिळाली का गं पदवी?’ पास झाले म्हणून अडकले, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू?

६. तरी हा विषय वर मोजा, खाली मोजा, हवे तर जिन्यात उभे राहून मोजा, पण एकदा मोजा. सुनावणीला मी ताईजवळ असणारच आहे. आपण विषय मोजलात, तर तिची वकील म्हणून. नाही मोजलात, तर मागच्या बाकावर नातेवाईक म्हणून. आणि समोरचा वकील तिला ‘तुम्ही नेमक्या कोणाच्या कामगार?’ असे विचारील, तेव्हा उत्तर ठाऊक असून मला गप्प बसावे लागेल.

आपली, नम्रपणा आटत चाललेली,
(सही)
अर्जदार, दुहेरी पदवी, अंतिम वर्ष
दिनांक : आजच, खिडकी बंद झाल्यावर