ताशाला टाळ्या

मंगळवार, संध्याकाळ

शी! स्वतःचीच किळस येतेय.

गोळीबार ऐकून पोलिसांना कळवणारी ती खांबांवरची यंत्रं ठेवायची की काढायची, यावर आज टाऊन हॉलमध्ये मीटिंग होती. इथे अमेरिकेतल्या आमच्या ढोलपथकाचे खानोलकर काका बोलायला उठले. मागे एकदा पार्किंग लॉटमध्ये प्रॅक्टिस करताना यंत्राला आमचा ताशा गोळीबार वाटला होता. पोलीस आले, हसले, एकाने तर ढोलही वाजवून बघितला. "सो पोलाइट! यंत्रं ठेवाच," काका म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग छपरं दुरुस्त करणारा एक माणूस उठला. त्याच्या खिळे ठोकायच्या मशीनचा आवाजही यंत्राला गोळीबार वाटला होता. त्याला मात्र पोलिसांनी हात मागे बांधून तापलेल्या डांबरावर पालथं पाडलं. गालावरचा भाजल्याचा डाग त्याने दाखवला. माझे हात मांडीवर.

परतताना कारमध्ये काका म्हणाले, "त्याने आधी कळवायचं ना! आपण नाही का आता पोलिसांना प्रॅक्टिसचं शेड्यूल पाठवत?"

तो गाल डोळ्यांसमोरून जात नाही.

शेड्यूलचा ईमेल पोलिसांना मीच पाठवते. घरी आल्यावर पर्सही खाली न ठेवता या आठवड्याचा पाठवून दिला.