धामणीच्या वाटीतलं दूध

प्रिय रंभाबाई,

लिवण्यात चुका दिसन, त्याची माफी कर. चौथीतून शाळा सुटली तवापासून हातात बैलाचा कासरा आहे, लेखणी नाई. एक एक अक्षर आठवून लिवतो, म्हनून लय वेळ लागून राह्यला. तुले मीच अंगणात बोटानं अक्षरं शिकवलीती, तर हे तू स्वतः वाच. तुह्या सासूले दाखवू नको. आन सोमवारी शेळी घेऊन निघाच्या आधी वाच.

तुह्या गावचा डोमाभाऊ बाजारात भेटला. त्यानं निरोप देला का तुह्या दसरूचं पोट बरं झालं, रंभा नवस फेडाले येते, दुधाची शेळी नागोबाले देऊन टाकते. बाबा लय खूश झाले. सपरीच्या कोपऱ्यात त्याइनं शेळीसाठी खुटा ठोकला. रोजचं दूध आपल्या घरातल्या धामणीपुढं ठेवाचं म्हनतात. मले जेवन गेलं नाई. तुह्या आंगावर दूध नाई, पोट्टं त्या शेळीवरच जगून राह्यलं, हे मले मालूम आहे.

तुह्या लग्नाच्या साली ती धामण मले धानाच्या तनसीच्या ढिगात भेटली, करंगळीएवढी जाड. मडक्यात ठेवली. बोडीच्या पान्यातून बारीक बेंडक्या आनून टाको. मेलेली टाकली तर पाहेसुद्धा नाई, हाललं का झपकन धरे. आता ती माह्याहून लांब आहे, धानाच्या कोठीमागं राह्यते. उंदीर डोक्याकडून गिळते. मंग त्याचे पाय आपोआप मागं दबतात, आन शेवटी शेपटी तेवढी तोंडातून दोऱ्यावानी लोंबत राह्यते. एक मोठा गिळला का मंग कितीक दिवस हालत नाई. तवा हात लावाचा नाई. एकदा मी कौतुकानं उचलली, तर सारा उंदीर ओकून टाकला. दिवसभर वाईट वाटलं मले. कात टाकाच्या आधी डोळे धुरकट होतात, तवाबी खात नाई. मी मानसात बसत नाई, बोलताना जीभ अडते, हे तुले माहीतच आहे. धामणीपाशी मात्र बसतो, म्हनून मले तिचं समजते.

दूध ते पीत नाई, बाई. वाटीपाशी येते, जीभ काढते, आन बाजूनं निघून जाते. पानी पिते, तोंड बुडवून. धामण म्हशीच्या पायाले येटोळं घालून दूध पिते असं सारे म्हनतात, तर मी गोठ्यात बसून पायलं. ती खुराजवळून गेली, ते सरळ उंदराच्या बिळात. बाबाले सांगितलं तर म्हनाले, देव आहे तो, तुह्यासारख्या पोट्ट्यासमोर कायले पिईन?

नागपंचमीले शेजारच्या धुरपताबाईनं पयली वाटी ठेवली. सकाळी वाटी रिकामी. गावभर झालं का आपल्या घरचा नागोबा दूध पिते. नाग नाई, धामण होय, असं मी एकदा म्हनलो, तर धुरपताबाई हासली, म्हने का हा पोट्टा आता देवाची जात इचारून राह्यला. मंग दर सोमवारी बाया येऊ लागल्या. बाबानं जिंदगीभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवला, त्याइले आता लोक लग्नाकार्यात पाटावर बसवतात. बाबा आंघोळ केल्याबिगर कोठीपाशी जात नाई.

दिवाळी झाल्यावर तू दसरूले घेऊन आली. पोट बिघडून पोट्ट्याचे पाय काड्यावानी झालते. त्याच्या वाट्याचं दूध तू वाटीत ओतलं, कोठीमागं ठेवलं, आन त्याले पेज चाटवून निजवलं. तो चोखत राह्यला आपलीच मूठ. सकाळी तू वाटी पायली आन माह्या गळ्यात पडली. "घेतलं रे माह्यं दूध, वारलू." तू रडून राह्यलीती, आन रडतारडताच शेळीचा नवस बोलली. मी मान खाली घातली. तुले वाटलं, नेहमीसारखा लाजून राह्यला.

बाई, थंडीत धामण उंदीरही खात नाई. त्या दिवशी ती कोठीमागं गुंडाळी करून पडलीती. दूध मी पेलो. धुरपताबाईचं मीच, सोमवारच्या बायांचं बी मीच. उपाशी होतो असं नाई, भात खाल्लाता. आपल्या म्हशीचं सारं दूध विकाले जाते, आन सायीचा वास आला. तुह्या लेकराचं आहे हे मालूम असून पेलो, वाटी चाटलीबी. मायनं पायलं. पदरानं माह्यं तोंड पुसलं आन म्हनली, "पोटात गेलं ते गेलं. आता तुह्या बापाची इज्जत राख." तवापासून माय मले वाढते, पन माह्याकडे पाहत नाई. दसरूचं पोट आपोआपच बरं झालं, त्याच्यात धामणीचं काही नाई. शेळी आनू नको. तिचं दूध त्याचंच आहे, ते त्याले पाज. बाबाले सांगाची हिंमत मले होत नाई. हे पत्र टपालाच्या पेटीत पडलं का मंग वापस घेता येत नाई, म्हनून पयले तुले लिवलं. पेटीवरून घरी आलो का त्याइले सांगतो. ते मारतीन तर मारू दे. पाटावर त्याइले कोनी बसवनार नाई, ते मले जास्त लागून राह्यलं. तू ये मात्र, आन दसरूले आन. मी त्याच्यापुढं येनार नाई, गोठ्यात राहीन. गावची खबर म्हनशीन तर, लोहाराच्या पत्रूले वडश्याच्या नाटक कंपनीत राणीचं काम भेटलं, आन त्यानं मिशी काढली. बाप जित्ता असून मिशी काढली म्हनून त्याचा बाप घरोघर जाऊन सांगून राह्यला का मी मेलो नाई.

तुहाच भाऊ,
वारलू