'इतर' नावाचा फोल्डर

३ मार्च, सकाळ
आजपासून सगळं ॲपमध्ये. वह्या, चिठोऱ्या, पाकिटांवर खरडणं बंद. फोनमधलं होतं नव्हतं ते आत ओतलं आणि फोन रिकामा केला. ऑफिस, घर, तब्येत, कुटुंब, विचार असे फोल्डर. प्रत्येक नोंदीला टॅग हवाच. 'इतर' नावाचा फोल्डर करायचा नाही. इतर म्हणजे आळशी माणसाची अडगळ.
बायको म्हणाली, आधी बेसिनचा नळ बघ. तशी नोंद केली आहे. रंग लाल.

५ मार्च
बाबा राहायला आलेत. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. चहा पिताना म्हणाले, आईनं माझी तक्रार रेकॉर्ड करून तुला पाठवली होती ना, ती एकदा ऐकव, मग मी जातो.
आहे. आईच्या आवाजाचं तेवढंच आहे. ती गेल्यावर मी ऐकलेलं नाही. इच्छा होत नाही. तशी हल्ली कसलीच होत नाही. बाबांना सांगितलं, सिस्टिम लागली की चुटकीसरशी काढून देतो.

८ मार्च
रेकॉर्डिंगला टॅग कुठला? कुटुंब म्हणावं तर त्यात आई खोकते, म्हणजे तब्येत. शिवाय विषय स्वेटरचा, म्हणजे घर. नंतर बघू.
नवा नियम लावला. टॅग नसलेली नोंद आठवड्यानं आपोआप कायमची पुसली जाईल. धाकाशिवाय शिस्त नाही.

१० मार्च
साहेबांनी विचारलं, मागच्या मीटिंगमध्ये काय ठरलं? माझं शोधणं चालू होतं, तोवर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाकिटाच्या पाठीवरून वाचून दाखवलं. उद्या ते पाकीट हरवलं म्हणजे? पण एवढा पुढचा विचार कोण करतो.

१३ मार्च
फोल्डरांना रंग देऊन झाले. आता चिन्हं. बाबांनी पुन्हा विचारलं. चिन्हं झाली की लगेच, म्हटलं. ते म्हणाले, घाई नाही. बायको म्हणाली, त्यांना घाई नसते म्हणून तुझं फावतं.
नळाखाली बादली ठेवली आहे. बादलीची नोंद केली.

१६ मार्च, सकाळ
बाबा उद्या निघतायत. बॅग भरून दाराशी ठेवलीय. आता काढतोच.

१६ मार्च, दुपार
'आई' शोधलं. नाही. 'आवाज' शोधलं. नाही. 'तक्रार' शोधलं, तर नळ आला.

१६ मार्च, संध्याकाळ
नियमानं पुसलं. सिस्टिममध्ये दोष नाही, सांगितलं तसंच वागली. ॲपवाल्यांनी कळवलं, कायमचं म्हणजे कायमचं. रडू येईलसं वाटलं. वाट पाहिली, आलं नाही. बादली ओतून आलो.

१७ मार्च
बाबांना सांगितलं. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, बस, मी सांगतो, ती बोलत होती तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मग सगळं म्हणून दाखवलं. हे माझं ऐकत नाहीत रे, थंडीत बिनस्वेटरचे हिंडतात, तू सांग, तुझं ऐकतील. आणि तू फोन उचलत जा. मध्ये आई जिथे खोकली होती, तिथे बाबाही खोकले.
मी टाइप करून घेतलं. गाडी आली. बाबा बिनस्वेटरचेच निघाले होते. घाला, म्हटलं. मार्चचा उकाडा असूनही त्यांनी निमूट घातला.
वर आलो. ॲपनं विचारलं, कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायचं? शेवटी 'इतर' नावाचा फोल्डर केला आणि त्यात ठेवलं.
टॅग काही सुचला नाही. आठवडा आहे हातात.