तांबेमाळाचा हाका

६ मार्च १९९५, सोमवार

रुजू झालो! वनरक्षक! शर्ट खांद्यात ढगळ आहे, पण पट्टा फर्स्टक्लास. खोलीतला आरसा वीतभर, म्हणून आधी टोपी बघितली, मग छाती, मग बक्कल. असं पाच वेळा.

साहेब म्हणाले, "अनुप, तुझं बीट तांबेमाळ. साडेतीनशे हेक्टर गवत, चार पाणवठे आणि चिंकारा. गवत पेटू द्यायचं नाही, हरणाला हात लावू द्यायचा नाही. बास."

बास! एवढ्याचा पगार! काटेवाडीला आबा तर वेडेच झालेत. विहारात पेढे वाटले, मग शाळेत, मग ज्यांच्या बांधावर जन्मभर राबले त्यांच्या दारातही. "पोरगा सरकारी हाय आता," एवढंच सांगून परत फिरायचे म्हणे.

९ मार्च

दिसला!! पहिला चिंकारा! शेळीपेक्षा बुटका, पण शेळी त्याच्यापुढं म्हणजे भरलेलं पोतं. शेपूट एक सेकंद गप्प नाही. मी सायकल टाकली आणि पुढचं काही कळायच्या आत तो टेकाडापलीकडं.

दिवसभर वही घेऊन चारी पाणवठे फिरलो. पंचवीस भरले. पंचवीस!

१२ मार्च, रविवार

आज जेवायचं आमंत्रण! माळाच्या कडेला दत्तोबातात्यांची वस्ती. साठी ओलांडलेली, पण अंगावर चरबी नावाला नाही. दारात पाखरी नावाची कारवानी जातीची कुत्री — तात्यांसारखीच, नुसती हाडं आणि डोळे. घरात तात्या आणि सारजाकाकू, दोघंच.

"कुठला रं तू?"

"काटेवाडीचा."

"गाव न्हवं. आडनाव सांग."

सांगितलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मी मनात म्हणालो, आता ताट ओट्यावर येणार. कसनुसं हसत उठायच्या तयारीत होतो.

तात्या काकूंना म्हणाले, "येकाच परातीत वाढ गं. ह्ये शेरडागत खाणारं पोर दिसतंय, माज्याबरूबर बसलं तर चार घास जास्त खाईल."

आणि मी खाल्लं. सहा भाकरी! काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तिळाचं कूट. मटण कसलं ते — चरबीचा थेंब नाही, दाताला लागतं न लागतं तोवर गायब. गवताचा वास म्हणू की काय म्हणू. "बोकड कुठला, तात्या?" विचारलं. म्हणाले, "माळावरचा." काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं, माझ्या सहाव्या भाकरीला हसल्या.

१३ मार्च

बोकड नव्हता!!!

१४ मार्च

काल त्यांच्या उकिरड्यावर खूर दिसले. केवढे नाजूक! तसाच वस्तीवर गेलो. पट्टा घट्ट केला, आवाज जाड केला. "तात्या, ते हरीण होतं."

"व्हय."

"गुन्हा आहे. एक वर्ष ते सहा वर्षं."

"आवडलं न्हवं?"

मी बक्कल चाचपलं.

"आमी इकत न्हाय, बाबा. वर्सातनं दोन-चार येळा खातो. माजा बा बी खायाचा. तवा तुजं खातं बी न्हवतं." मग ताकाचा तांब्या पुढं करून, "लिहायचं तर लिही. पर ताक पिऊन जा."

ताक पिऊन आलो. लिहिलं काही नाही.

१९ मार्च

साहेबांना सांगायचं ठरवून सायकल काढली. चंद्रकोरीसारखा वळलेला रस्ता आहे ना, तिथपर्यंत गेलो. परत आलो. पाखरी अर्ध्या वाटेवर सामोरी आली, सायकलीबरोबर पळत राहिली. कुत्रीसुद्धा मला ओळखते आता!

३० मार्च

तात्या म्हणाले, "येकदा बग तर खरं. बगाया काय गुन्हा हाय?"

बघायला गुन्हा नाही. बरोबर आहे.

२ एप्रिल, रविवार

बूटसुद्धा काढले नाहीत, आधी लिहितो!

पहाटे गेलो. नुसतं बघायला. ओढ्याच्या अरुंद तोंडाशी तात्यांनी वाघूर लावली, म्हणजे मोठं जाळं. ते तिथं दबा धरून बसले. "पल्याडनं जरा वरडत ये," म्हणाले. "पाखरी हायच. तू नुसतं वरडायचं."

आणि कळप कुठं असतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? रोज तेच तर मोजतो!

वळसा घालून वर गेलो. उजाडत होतं. सात जनावरं चरत होती. मी टोपी काढून हातात घेतली आणि "होऽऽ" केलं. कळप उडाला! पाखरी माझ्या पायातनं सुटली ती बाणच. मी तिच्या मागं. कुसळं, दगड, निवडुंग, काही बघितलं नाही. शाळेत शंभर मीटरला कायम शेवटचा आलेला मी — आज टेकाडावरनं उडत होतो! ओरडत होतो, हसत होतो, काय ओरडलो ते मलाही आठवत नाही. पुढं ती पिवळी पाठ वर-खाली, वर-खाली. सहा फुटली. एक सरळ ओढ्यात.

जाळं गपकन मिटलं. तात्यांनी सुरी काढली. तेव्हा मी पाठ फिरवली. एक बारीकसा आवाज आला, शिंकेसारखा. ते संपेपर्यंत टोपीवरची कुसळं काढत राहिलो, हे खरं लिहितो.

पण मग निखाऱ्यावर कलेजी! मीठ आणि मिरची, बाकी काही नाही. काकूंनी आधी माझ्या हातात दिली. "हाका घालणाऱ्याचा मान असतोय," म्हणाल्या. मान! तोंड भाजलं तरी फुंकर मारायला थांबलो नाही.

तात्या म्हणाले, "खाकीतला हाका पयल्यांदाच बगितला!" तिघंही हसून हसून आडवे.

३ एप्रिल

पोटऱ्या भरल्यात. एक पायरी चढायची तरी "आई गं" निघतं. तरी हसू येतंय!

१४ एप्रिल

जयंतीला घरी. मिरवणुकीत तीन तास नाचलो. आई म्हणाली, "नोकरी मानवली रं तुला. गाल भरलंत. काय खातोस तितं?"

"भाकरी!"

२३ एप्रिल, रविवार

दुसरा हाका. या वेळी बेत माझाच होता! उत्तरेचा पाणवठा आटलाय, म्हणजे कळप दक्षिणेला येणार — माझ्याच वहीत आकडे आहेत. तात्यांनी पाठीवर थाप मारली. "म्या चाळीस वर्सं पायानं शिकलो, त्ये तू म्हयन्यात कागुदावर काढलंस!" एवढं कौतुक माझं बारावीतही झालं नव्हतं.

काकूंनी आज सुकं केलं. लसूण ठेचून, लोखंडी कढईत. मी कढईला भाकरी पुसली. खरंच पुसली. काकू म्हणाल्या, "घासाया काय ठेवलंस का न्हाय?"

त्यांचा मुलगा होता म्हणे एक. सापानं गेला, अकरा वर्षं झाली. आज पहिल्यांदा बोलल्या. लगेच उठून चुलीत फुंकत बसल्या, विस्तव चांगला पेटलेला असताना.

७ मे

तिसरा. पळता पळता पट्ट्याचं बक्कल तुटलं! एका हातानं पँट धरून हाका घातला. तात्यांना हसू आवरेना, जाळ्याची दोरी हातातनं सुटता सुटता राहिली.

१४ मे, बुद्धपौर्णिमा

सकाळी बारामतीला विहारात. पंचशील म्हणताना पहिल्याच, जीवहत्या न करण्याच्या शीलाला जीभ अडखळली. आई शेजारी. मोठ्यानं म्हटलं.

संध्याकाळपासून पाणवठ्यावर सरकारी मोजणी. मचाणावर मी आणि साहेब. बावीस भरले. साहेब खूश! "बाकीच्या बीटात काही उरलं नाही रे. तुझं जनावर टिकलंय." स्वतःच्या डब्यातला लाडू दिला मला.

लाडू गोड होता. पंचवीस वजा बावीस. बरोबर तीन.

१७ मे

एवढं काय. पाऊस झाला की पाडसं होतीलच. होतातच.

२८ मे, रविवार

कुणीतरी रेंज ऑफिसला फोन केला. साहेब सकाळीच जीप घेऊन माझ्या दारात. "बस. तुझ्याच बीटात आहे." कुठं, ते विचारलं नाही मी. जीप तात्यांच्या वस्तीकडं वळली.

कातडी तीन. आढ्याला शिंगं. दोरीवर मटणाच्या वाळत घातलेल्या पट्ट्या. परवा काकूंनी बाजूला ठेवलेल्या — "तू घरी जाशील तवा आईला ने." साहेबांनी त्याच उचलून पोत्यात टाकल्या.

पाखरी शेपटी हलवत थेट माझ्याकडं निघाली. तात्यांनी तिला लाथ घातली. कधी हात उचलला नव्हता तिच्यावर! ती केकाटत गोठ्यात गेली.

साहेब म्हणाले, "म्हाताऱ्या, बरोबर कोण होतं?"

"कोन न्हाय."

"वाघूर एकट्याची नसते. हाका कुणी घातला?"

"कुत्रीनं."

"ह्या माणसाला ओळखतोस?" माझ्याकडं बोट.

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. अगदी अनोळखी नजरेनं. "नवा शिपाय दिसतोय. कवा इकडं फिरकत न्हाय." वर साहेबांना म्हणाले, "आसलं शिपाय ठेवल्यावर चोरी व्हणारच की!"

साहेब माझ्याकडं वळले. "तू ओळखतोस ह्याला?"

काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. माझ्याकडं बघत नव्हत्या.

मी म्हणालो, "नाही साहेब."

लिहितोय तेव्हाही ते दोन शब्द कानात आहेत. जीपमध्ये तात्या मागं बसले होते, हात दोरीनं बांधलेले. माझ्याच हातानं बांधले. "जरा ढिली बांद, पोरा," एवढंच हळू म्हणाले. उतरताना साहेबांनी मला सुनावलं, "तुझ्या नाकाखाली चाललं होतं. आता रिपोर्ट तरी नीट लिही. सकाळी आठला सही करून पाठवायचाय."

कोरा फॉर्म समोर आहे. जेवलो नाही.

२९ मे

आरोपी, क्रमांक एक: तात्यांचं नाव. क्रमांक दोन: अनुप गंगाराम, मुक्काम काटेवाडी, हुद्दा वनरक्षक, काम हाका घालणे. सही केली. आठला पाच मिनिटं आहेत, जीपचा आवाज येतोय.