अठरा किलोंचा होकार

उल्हासनगर-४
८ फेब्रुवारी २००९

ती. शिवराम काका यांस,
सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. गेल्या वेळी मी एवढी ओरडले की शेजारच्या गाळ्यातला माणूस भांडण सोडवायला आला. म्हणून हे पत्र.

मंगळवारी टेम्पोतून तुमच्याकडे एक गाडी येईल, बॅटरीची. लायसन्स लागत नाही, पंचविसाच्या वर पळत नाही, त्यामुळे काकूंनी घाबरायचं कारण नाही. आमच्याकडे दोन नमुने आहेत. एक साध्या बॅटरीचा. गाडी स्वस्त, पण बॅटरीची पेटी अठरा किलोंची. दुसरा लिथियम बॅटरीचा. पेटी सहा किलोंची, पण गाडीची किंमत जवळजवळ दीडपट. माझे पार्टनर ठाकूरदास साईं म्हणतात की बेटी, गिऱ्हाईक आधी भाव विचारतं, वजन कोण विचारतं? मी म्हणते की भाव ऐकून येईल, पण वजन बघून परत जाईल. महिनाभर आमचं हेच चाललंय.

बदलापूरच्या वेणूबाईंचा गट आहे. घरोघर जाऊन आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या वीस बायका. त्यांना वीस गाड्या हव्यात, आणि स्वस्त हव्यात. पण त्यांच्या बिल्डिंगी तुमच्यासारख्याच, लिफ्ट नाही, खाली प्लग नाही. रोज पेटी काढून वर न्यायची, त्यातून लाईट असेल तेव्हा चार्ज करायची. तुम्ही बहात्तरचे, राहता तिसऱ्या मजल्यावर. तुमच्याकडून पेटी वर गेली तर त्यांच्याकडून जाईलच. म्हणून जड गाडीच पाठवतेय. मार्चअखेर ऑर्डर नाही आली तर साईं गाळा फर्निचरवाल्याला देणार. ठाण्याची नोकरी मी सोडून बसलेय, हे आईला अजून नीट पचलेलं नाही.

काकूंना जय भीम. लोभ आहेच, तो या महिन्यात जरा जास्त असू द्या.

तुमची,
मैत्रेयी

---

अंबरनाथ (पूर्व)
१९ फेब्रुवारी २००९

चि. मैत्रेयीस,
शिवराम काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

गाडी पोचली. पोरी, काय पाठवलंस तू! मला ऐकू येत नाही आणि तिला आवाज नाही. इतकं चांगलं माझं आजवर कुणाशीच जमलं नव्हतं. तुझी काकू हे वाचून फणकारली, पण ते असो.

रोज सकाळी पालेगावच्या रस्त्याने जातो. जिथे आमची एका गुरुजींची शाळा होती तिथे आता बिल्डिंगींचे बोर्ड आहेत, पण दोन पळस अजून उभे आहेत आणि सध्या पेटलेत. त्यांच्याखाली गाडी थांबवतो आणि शाळेतल्या कविता हात वर करून म्हणतो. येणारे-जाणारे बघतात. बघोत. गाडीवरही दोन ओळी झाल्या:

नाही धूर, नाही गुरगुर, नाही टाच मारणे,
वाऱ्याने वाऱ्याला जैसे हळूच हाक मारणे.

पेटीचं म्हणशील, तर अगदी बगळ्यासारखी वर येते. जिन्याचा त्रास म्हणून नाही. तुझा बाप मला म्हणायचा की दादा, तुझ्या हातात ओझं गेलं की ते ओझं राहत नाही. कारखान्यात चौतीस वर्षं खलाशी होतो मी. दोरी-कप्पीने यंत्रं उचलून जागेवर बसवली. ठाकूरदास साईंना सांग, स्वस्त करा आणि खुशाल विका.

तुझ्या आईला आशीर्वाद. आमच्यावर माया ठेव, आणि गाडी परत न्यायची घाई करू नकोस.

तुझा,
शिवराम काका

---

उल्हासनगर-४
४ मार्च २००९

ती. काकांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र मी साईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना कविता कळली नाही, पण बगळा कळला. त्यांनी लगेच वेणूबाईंना फोन लावला की बहात्तर वर्षांचा बुजुर्ग रोज तीन जिने चढवतो, तुमच्या मुली तर जवान आहेत. वेणूबाई म्हणाल्या की बघितल्याशिवाय सही नाही. रविवारी, १५ तारखेला, अकरा वाजता त्या बायकांना घेऊन तुमच्याकडे येतील.

काका, एक गोष्ट मला खटकतेय. परवा मीच पेटी उचलून आमचा जिना चढले. दुसऱ्या मजल्यावर हात सुटायला लागले, बसले. मी अठ्ठावीस वर्षांची आहे. तुम्ही कसं करता? लिथियमचा नमुना ज्यांच्याकडून आणला ते तो परत मागताहेत. एकदा परत केला की माझ्या हातात फक्त जड गाडी उरेल. म्हणून सरळ विचारते. तुम्ही पेटी स्वतः, रोज, त्रास न होता वर नेता? हो की नाही, एवढंच कळवा. कविता नंतर.

काकूंचा गुडघा कसा आहे? त्यांची आठवण येते, त्यांच्या बोंबलाच्या चटणीची तर रोज.

तुमची,
मैत्रेयी

---

अंबरनाथ (पूर्व)
८ मार्च २००९

चि. मैत्रेयीस,
अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

हो.

तू कॉम्प्युटरसमोर बसून वाढलेली, तुझ्या दुसऱ्या मजल्याचं मनावर घेऊ नकोस. आमची हाडं भाकरीची. बायकांना येऊ दे. मात्र त्यांचा वेळ मोडायला नको, म्हणून पेटी मी आधीच वर नेऊन ठेवीन. वर आल्यावर चहा देऊ. तुझी काकू जना पोहे करील म्हणते. पळसाची फुलंही आणून ठेवीन, बदलापूरकरांना जरा रंग दिसू दे.

नमुना परत करून टाक. दोन होड्यांत पाय ठेवू नये.

गुडघा ठीक आहे. काकूला चटणीचा निरोप दिला, ती खूश झाली आणि तसं न दाखवता निघून गेली. तुझ्या सुखाची वाट बघत इथे दोन म्हातारी बसलीत, हे ध्यानात असू दे.

तुझा,
शिवराम काका

---

अंबरनाथ
१३ मार्च, शुक्रवार

मैत्रेयी पोरी,
काकूचा जय भीम.

माझं अक्षर तुला ठाऊक आहे. प्रौढ वर्गात शिकले तेवढंच. तरी मीच लिवते, कारण हे लिवायचे नाहीत.

यांनी पेटी एक दिवस पण जिन्यानं आणली नाही. गॅलरीच्या लोखंडाला कप्पी बांधली हाये. खाली पेटीला आकडा लावतात, मग वर येतात नि दोरी ओढतात. मी म्हणलं पोरीला कळवा. तर म्हणाले, कळवलं की ती गाडी घेऊन जाईल नि तिचा धंदा पण बसेल.

काल गुरुवारी चारच्या सुमारास तळमजल्याची सुनंदा गॅलरीखाली पाटावर बसून तांदूळ निवडत होती. पेटी वर येत होती. दुसऱ्या मजल्यापाशी आकडा सरकला. मी आत होते. खालून बाया ओरडल्या, यांना कुठलं ऐकायला येतंय. हे आपले ओढतच होते. तेवढ्यात सुनंदाच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून ती उठली. दोन पावलं गेली नसेल, पेटी पडली. पाटाचे दोन तुकडे झाले. पेटीतलं तेजाबाचं पाणी उडालं त्यानं तिच्या वाळत घातलेल्या साडीला भोकं पडली. तिला काय झालं नाही.

हे कालपासून जेवले नाहीत. आकडा हातात घेऊन बसलेत. म्हणतात, रविवार होऊ दे, मग सांगू. मला ते पटत नाही. ज्या बायका येणार त्यांच्या खाली पण कुणी तांदूळ निवडत असेल.

सुनंदाचा नवरा तिकडं कामाला येतो, त्याच्या हाती पत्र देते. रागाव, पण तोडू नको.

तुझी काकू,
जनाबाई

---

उल्हासनगर-४
१४ मार्च २००९

काका,
जय भीम.

काकूंचं पत्र मिळालं. ज्यांनी आणलं त्यांच्याच हाती हे पाठवतेय. सुनंदावहिनींशी फोनवर बोलले. त्या हसत होत्या, पण पाटाचं तीनदा सांगितलं.

लिथियमचा नमुना मी मंगळवारी परत केला. तुमच्या एका शब्दावर. तो शब्द मी साईंना दाखवला होता, आईला दाखवला होता. बाबा गेल्यावर ज्या माणसाचं म्हणणं मी तपासून बघितलं नाही असे तुम्ही एकटेच होता.

उद्या बायका येतील. साईं नवी पेटी आणि ऑर्डरचा कागद घेऊन येतील. मी येणार नाही. मी समोर असले तर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून बोलाल. खरं सांगितलंत तर गाळा बहुतेक जाईल. खोटं सांगितलंत तर वीस जिन्यांवर वीस दोऱ्या लागतील. मी साईंना काही सांगितलेलं नाही, वेणूबाईंनाही नाही.

काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. जेवून घ्या.

मैत्रेयी

---

अंबरनाथ (पूर्व)
१६ मार्च २००९

चि. मैत्रेयीस,
आशीर्वाद. जय भीम म्हणायचाही आज संकोच वाटतो, तरी म्हणतो. वि. वि.

शाळेत 'आमचे गाव' या निबंधात मी पालेगावच्या ओढ्यात एक होडी घातली होती. गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर ती वाचली, वाहवा केली, मग माझा हात धरून मला ओढ्यावर नेलं आणि म्हणाले, बस होडीत. गुडघाभर पाण्यात मी तास संपेपर्यंत उभा होतो. तेव्हा वाटलं होतं की शिकलो. काल अकरा वाजता परत त्याच पाण्यात उभा राहिलो.

अकरा बायका आल्या. वेणूबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, कमरेला पदर. साईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून यही वह बुजुर्ग अशी माझी ओळख करून दिली. मी त्यांना आधी वर नेलंच नाही. गॅलरीखाली नेलं. कप्पी दाखवली, पाटाचे तुकडे दाखवले, सुनंदाला पुढे बोलावलं. म्हणालो की मी खोटं लिहिलं, ही पेटी माझ्याने एक जिनाही चढत नाही, आणि ही बाई कुकरच्या शिट्टीने वाचली. साईंचा चेहरा मला बघवेना. त्यांनी ऑर्डरचा कागद घडी करून खिशात घातला.

मला वाटलं, संपलं. बायका आपापसात बोलू लागल्या, मला अक्षर ऐकू येईना. ज्यावर तुझं सगळं अवलंबून, ते बोलणं डोळ्यांसमोर चाललेलं आणि मी खांबासारखा उभा. मग वेणूबाईंनी साईंची नवी पेटी स्वतः उचलली. सगळ्या बायका पाळीपाळीने घेऊन जिना चढल्या. तिसऱ्या मजल्यावर तिघीच पोचल्या. वेणूबाई दुसऱ्यावर बसल्या आणि घाम पुसत तुझ्या काकूला काही म्हणाल्या. जनाने माझ्या उजव्या कानात ओरडून सांगितलं की त्या विचारतात, आत काय आहे.

मी फुटलेली पेटी आणून दाखवली. आत विटांसारख्या चार बॅटऱ्या. वेणूबाई हसल्याच. पुढचं सगळं जना माझ्या कानात सांगत गेली. म्हणाल्या की चौघींना एका खोलीत कशाला कोंडलंय? पाणी आणताना आपण काय पिंप उचलतो? दोन हंडे घेतो, दोन बाजूंना. दोन-दोनच्या दोन पेट्या करा, वर धरायला कडी करा. हाताला ओढ कमी लागेल, आणि थकलेल्या बाईला दोन खेपा तरी करता येतील.

चौतीस वर्षं ओझी उचलली मी, आणि हे मला सुचलं नाही. मला दोरी सुचली.

साईं म्हणाले की दोन पेट्या, दोन कड्या, भाव थोडा चढेल. वेणूबाई म्हणाल्या की थोडा चढू दे, आम्ही चढतोय ते जास्त आहे. कागदावर सही झालेली नाही. दोन पेट्यांची गाडी बघून ठरवू म्हणाल्या.

गाडीची किल्ली साईंजवळ दिली आहे. मला ती ठेवायचा हक्क नाही. तुझा विश्वास मात्र मागून मिळणार नाही, म्हणून मागत नाही.

शिवराम काका

ता. क. जेवलो.

---

अंबरनाथ (पूर्व)
१२ एप्रिल २००९

चि. मैत्रेयीस,
अनेक आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

टेम्पो काल आला. गाडी, दोन पेट्या आणि तुझी चिठ्ठी. चिठ्ठीत आशीर्वाद न मागता नुसतं लिहिलंस की कविता नको, जिन्यागणिक कळवा. वेणूबाईंच्या बारा बायकांनी सही केली आणि वरच्या मजल्यांवरच्या आठजणी हलकी गाडी स्वस्त होईपर्यंत थांबणार, हेही कळलं. साईंनी गाळा दिवाळीपर्यंत ठेवला, त्यांना माझा नमस्कार सांग.

तर जिन्यागणिक.

पहिला जिना: दोन हातांत दोन पेट्या, प्रत्येकी नऊ किलो. चढलो. दम लागला नाही.

दुसरा जिना: सात पायऱ्यांवर थांबलो. डाव्या हाताची बोटं वळली. कडी पातळ आहे, तळव्यात रुतते. जाड करा.

तिसरा जिना: चढलो नाही. एक पेटी पायरीवर ठेवून दुसरी वर नेली. परत यायला वळलो तर पायरी रिकामी. जना माझ्यामागून पेटी घेऊन, गुडघा धरत, एक-एक पायरी चढत होती. मी घ्यायला हात पुढे केला, तिने दिली नाही.

कप्पी काढली. सुनंदाला सागाचा नवा पाट करून दिला. आता ती तांदूळ गॅलरीखाली निवडत नाही, दारात बसते.

मत विचारलं होतंस. गाडी स्वस्त आहे. पेटी जड आहे. बहात्तर वर्षांच्या माणसाला एकट्याने रोज झेपणार नाही. घरात दुसरं माणूस असेल तर झेपेल. बारा जणींना विकताना त्यांच्या घरी दुसरं कोण आहे, हे विचारून घे.

एवढंच आहे. होडी कुठेही घातलेली नाही. हवं तर येऊन बघ. काकूने बोंबलाची चटणी कुटून ठेवली आहे.

तुझा,
शिवराम काका