मार्लिसच्या भात्यातील पाती

मी, ऑरिन लुडविग ट्वाइट, राहणार ऑगस्टा, मोंटाना, वय त्रेसष्ट, हे माझ्या हाताने लिहीत आहे. माझे यकृत कामातून गेले आहे, डोके शाबूत आहे. दुखण्याचे औषध आज मुद्दाम घेतलेले नाही. म्हातारा गुंगीत होता, असे उद्या कोणी म्हणायला नको. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर, मागची जमीन, बँकेतील शिल्लक व पिकअप गाडी माझी पत्नी मार्लिस हिला. यावर कोणाचा वाद नाही, म्हणून शाई वाया घालवत नाही.

२. मासेमारीची होडी शेजारी लॉइड एंगेन यांना. ती ते न विचारता वापरतच आले आहेत. आता निदान चोरासारखी न्यावी लागणार नाही.

३. पत्र्याच्या डब्यातील बाणांची पाती मार्लिसला, आणि अट अशी की एल्क हरणाच्या शिकारीला जाताना तिच्या भात्यात हीच असावीत, दुसरी नकोत. माझ्या दृष्टीने खरे मृत्युपत्र इथून सुरू होते.

ही पाती दोन धारांची, अरुंद, जड आणि अखंड पोलादाची आहेत. दिसायला गरीब. तिचा भाऊ रॉइस स्कार याने तिला वाढदिवसाला दुसरी दिली होती: हवेत मिटलेली राहतात आणि जनावराला लागताच उघडतात. जखम रुंद होते हे खरे. पण उघडायलाही जोर लागतो, आणि तो बाणाच्याच जोरातून वजा होतो. रॉइसच्या धनुष्याची दोरी ओढायला सत्तर पौंडांचा जोर लागतो, त्याला ही चैन परवडते. मार्लिसचे धनुष्य पंचेचाळीस पौंडांचे आहे.

गेल्या सप्टेंबरात तिने नर एल्कवर बाण सोडला. नेम अचूक होता. रॉइसचे पाते बरगडीवर उघडले आणि तिथेच अडकले. आरपार गेले असते तर जनावर डोळ्यांसमोर पडले असते. ते अंधार पडेपर्यंत चालत राहिले, रक्ताचा माग हरवला. सकाळी आम्हाला एल्क सापडला, पण आमच्याआधी तो अस्वलाला सापडला होता. मार्लिस झुडूप बाजूला सारून थेट अस्वलासमोर उभी राहिली. मी तिच्यामागे होतो. ओरडलो, मिरपुडीचा फवारा मारला, ते गेले.

यंदा मी तिच्यामागे नसेन. डॉक्टर ऑगस्टच्या पुढचे काही बोलत नाहीत, आणि हंगाम सप्टेंबरात सुरू होतो.

रविवारी मी तिला हे सगळे पुन्हा सांगितले.

"तुझी पाती डावीकडे जातात, ऑरिन," ती म्हणाली. "रॉइसची जिथं बघते तिथं लागतात. मग मी काय, झाडांची शिकार करू?"

"धनुष्य त्या पात्यांशी नीट जुळवलं की तीही सरळ जातील."

"मग जुळव ना!"

एवढे बोलून तिने तोंडावर हात ठेवला. धनुष्याची दोरी ओढायचे सोडा, मला सुपाचा चमचा धरवत नाही.

"यंदा जाऊच नकोस," मी म्हणालो.

"फ्रीझर रिकामा, घर रिकामं. आणि मी इथं बसून काय करू, भिंतींशी बोलू?"

मला भयंकर भीती वाटते. डोळे मिटले की ते अस्वल मान वर करते आणि मार्लिसच्या मागे कोणीच नसते.

४. धनुष्य जुळवण्याची सर्व अवजारे, कानशी व धारेचे दगड हेही मार्लिसलाच. रॉइसला मी काहीही देत नाही. या कामात या भागात त्याच्या तोडीचा दुसरा माणूस नाही, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटले नाही. एरवीच तो हवेत असतो. पण ज्याला वारसा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात, आणि मला रॉइसची सही हवी आहे. हिवाळ्यात पात्यांवरून आमचे वाजले तेव्हापासून तो या घराची पायरी चढलेला नाही. मरणाऱ्याने सहीसाठी बोलावले तर येईल. आणि न वाचता तो पेट्रोलच्या पावतीवरही सही करत नाही.

तर वाच, रॉइस. मी तुझ्यापुढे नाक घासतो. तिचे धनुष्य असे जुळव की माझ्या पात्याचा बाण आणि सरावाच्या साध्या टोकाचा बाण एकाच जागी लागतील. धार लावलीस की पाते ताणलेल्या रबरबँडला टेकव. नुसत्या स्पर्शाने तुटला नाही तर पुन्हा दगडावर घे. आणि तिच्यासोबत जा. तिच्या मागे चाल, पुढे नको. पुढे कोणी चाललेले तिला खपत नाही. फवारा खिशात नको, हातात ठेव.

५. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात कॉफी व हॅम सँडविच द्यावे. भाषणे नकोत.

ऑगस्टा, मोंटाना
३० जुलै २०१९

(सही) ऑरिन एल. ट्वाइट

वरील सही आमच्यासमोर झाली. साक्षीदार:

(सही) जोलीन केट्झ, परिचारिका

(सही) रॉइस स्कार

वाचलं, टोमण्यांसकट. तिचं धनुष्य गाडीत ठेवलंय, शनिवारी जुळवून आणतो. लक्ष्य तुझ्या खिडकीसमोरच लावणार आहे. बाण डावीकडे जातो का ते तूच सांगायचंस, ऑरिन. शनिवारपर्यंत मरायचं नाही. — रॉइस