विलीनीकरण असे वाचू नये

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (पाया पडलो असं समज. सध्या कोणाच्याही पायांच्या इतकं जवळ जायला मनाई आहे.) तुझी तब्येत कशी आहे? दम्याचा पंप उशाशी ठेवतेस ना, की अजून कपाटात कुलूपबंद करून किल्ली विसरतेस? गुडघे काय म्हणतात? शेजारची मंडळी सकाळी दार वाजवून जातात का? या सगळ्याची उत्तरं तू "मला काय धाड भरलीय" या एका वाक्यात देणार हे ठाऊक आहे, तरी विचारायची पद्धत आहे म्हणून विचारलं. आम्ही इकडे ठीक आहोत. म्हणजे आता ठीक आहोत. मधले पंधरा दिवस कसे होते ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसलो आहे. फोन केला असता, पण फोनवर तू जिंकतेस. भाऊजी गेल्यापासून तीन वर्षांत तू पहिल्यांदाच आमच्याकडे येते आहेस, वीस तारखेच्या गाडीचं तिकीट काढून बसली आहेस, आणि मी मागच्या पत्रात "इकडे साथबीथ काही नाही, खुशाल ये" असं ठोकून दिलं होतं. त्या वाक्याबद्दल बोलायचं आहे. पण ते नीट बोलता यावं म्हणून आधी बाकीचं सांगतो.

तर आमच्या इमारतीच्या रहिवासी मंडळाचा चिटणीस मी आहे हे तुला माहीत आहे. (ही निवडणूक बिनविरोध झाली, कारण सभेला मी एकटाच वेळेवर गेलो होतो.) मागच्या महिन्याच्या शेवटी आरोग्यखात्याच्या सेविकाबाई आल्या. वयाने मुलीएवढ्या, पण आवाजात जरब अशी की मी आपोआप उभा राहिलो. श्वासावाटे पसरणाऱ्या एका विषाणूची साथ गावात शिरली आहे, म्हणाल्या, आणि माझ्या हातात आठ पानी पुस्तिका ठेवली. यातलं मुख्य मुख्य सोप्या भाषेत लिहा आणि फलकावर लावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. दुसरा कोणी असता तर अर्ध्या तासात काम उरकून मोकळा झाला असता. पण छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस मी. मला पहिल्याच पानावर अकरा चुका दिसल्या. "खिडक्या उघड्या ठेवाव्यात" की "ठेवाव्या", यावर माझी एक अख्खी दुपार गेली. तुझी वहिनी म्हणाली, तुम्ही ठरवेपर्यंत विषाणू खिडकीतून येऊन, जेवून, परत जाईल. मी लक्ष दिलं नाही. तीन दिवस खपून मी दीड पानाची एक सूचना तयार केली आणि रविवारी सकाळी ती फलकावर, लिफ्टच्या दारावर, प्रत्येक मजल्याच्या भिंतीवर आणि बावीस घरांच्या दाराखालून सरकवली. खोकताना कोपराने तोंड झाका, साबणाने हात धुवा, गर्दीत मुखपट्टी लावा, खोल्यांमधून वारा खेळू द्या, सगळं त्यात होतं. आणि सातव्या कलमात पुढील वाक्य होतं: "ताप, खोकला अथवा घसादुखी असलेल्या रहिवाशांचे पाच दिवस विलीनीकरण करावे. यात हयगय करू नये."

वाचलंस ना? आता पुन्हा वाच. तू दुसऱ्या वाचनात हसलीस, हे मला इथे बसून ऐकू आलं. विलगीकरण, ताई, विलगीकरण लिहायचं होतं. आजाऱ्याला वेगळं ठेवायचं होतं. पण निवृत्तीपूर्वी मी तपासलेलं शेवटचं पुस्तक म्हणजे दोन महाविद्यालयांच्या विलीनीकरणाचा चारशे पानी अहवाल. तो शब्द त्यात इतक्या वेळा होता की माझ्या हाताला त्याची सवय जडली. "विल" एवढं लिहिलं की पुढचं हात आपणहून लिहितो, मला विचारत नाही.

दुसऱ्या कोणाच्या सूचनेत असा घोटाळा झाला असता तर चारचौघांनी हटकलं असतं. माझ्या बाबतीत तीही सोय उरलेली नाही. या इमारतीत "पाणी ऊद्या येनार नाही" असा कागद कोणी लावला तर त्यावर लाल पेनाने खुणा करणारा माणूस मीच. माझ्यामागे मला "ऱ्हस्वदीर्घ" म्हणतात. (तोंडावर "काका" म्हणतात, पण तेही जरा जपून उच्चारतात.) तेव्हा ऱ्हस्वदीर्घांनी लिहिलंय म्हणजे ते बरोबरच असणार, सरकारचाच काहीतरी नवा नियम असणार, असं सर्वांनी धरून चाललं. तळमजल्यावरचे निवृत्त बसचालक, ज्यांना आम्ही ड्रायव्हरसाहेब म्हणतो, त्यांना रविवारीच खोकला सुरू झाला होता. त्यांनी सूचना वाचली आणि अंमलबजावणी हाती घेतली. आयुष्यभर लोकांना "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून एका गाडीत कोंबत आलेला माणूस तो, त्याला विलीनीकरण ही कल्पना एकदम पटली. दुसऱ्या मजल्यावर एक घर रिकामं आहे, मालक मुलीकडे राहायला गेले आहेत. कुलूप-किल्ल्या करणारा आमचा शेजारी स्वतः नाक पुसत पुसत आला आणि त्याने ते दार अर्ध्या मिनिटात उघडलं. तिसऱ्या मजल्यावरचे शिंपी तापलेल्या अंगाने गादी आणि शिवणयंत्र घेऊन उतरले. आणि चौथ्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई, ज्यांचा घसा फक्त सकाळच्या रियाजाने बसला होता, त्यांनाही ड्रायव्हरसाहेबांनी कलम सात दाखवून आत घेतलं. बाईंनी हरकत घेतली. "घसादुखी" हा शब्द त्यांच्यासमोर बोटाने ठोकण्यात आला. सोमवारी संध्याकाळपर्यंत इमारतीतला सगळा खोकला एका घरात गोळा झाला होता, आणि त्या घराच्या खिडक्यांच्या कड्या गंजून घट्ट बसल्या होत्या. कुलूपवाल्याला जगातलं कुठलंही दार उघडता येतं, खिडकी हा त्याचा विषय नाही.

मंगळवारी मी जिन्याने उतरत होतो. (लिफ्टमध्ये एका वेळी एकच माणूस, हे माझंच कलम नऊ.) दुसऱ्या मजल्यावर मला ठसका लागला, साधा, धुळीचा. दार उघडलं आणि ड्रायव्हरसाहेब हातात माझीच सूचना घेऊन उभे. "काका, खोकलात. या." मी म्हणालो, हा काय प्रकार आहे. त्यांनी कागद पुढे केला. आणि ताई, आता माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगतो, ही फक्त तुला. मी खिशातून चष्मा काढला, कलम सात सावकाश वाचलं, "विलीनीकरण" या शब्दातली पहिली वि ऱ्हस्व, ली आणि नी दीर्घ, सगळं जागच्या जागी असल्याची खात्री केली, आणि मला समाधान वाटलं. छत्तीस वर्षं मी अक्षरं तपासली. अर्थ तपासायला दुसरा माणूस होता, त्याचं टेबल खिडकीजवळ असे. असो. तिथून मी काहीतरी सबब सांगून कसाबसा निसटलो.

गुरुवारी सेविकाबाई पाहणीला आल्या. रुग्ण किती, असं त्यांनी खालून फोनवर विचारलं. मी अभिमानाने सांगितलं की सर्वांचं विलीनीकरण झालेलं आहे. त्या आधी हसल्या, त्यांना वाटलं म्हातारा विनोद करतोय. मग दुसऱ्या मजल्यावर गेल्या. दार उघडताच आतून शिवणयंत्राचा खडखडाट, चार जणांचा खोकला आणि रमीचा डाव, सगळं एकदम बाहेर आलं. त्यानंतर त्या मला जे बोलल्या ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, पण त्यात "आजोबा, वेगळं ठेवायचं होतं, वेगळं!" हे वाक्य तीनदा आलं. सर्वांची तपासणी झाली. तिघांना लागण आधीचीच होती. गाणंवाल्या बाईंना मात्र ती तिथेच झाली. चांगल्या खणखणीत बाई, माझ्या एका अक्षरापायी पाच दिवस अंथरुणाला खिळल्या. मी त्यांच्या दाराबाहेर उभं राहून माफी मागितली. आतून त्या म्हणाल्या की तीस वर्षांत पहिल्यांदाच सलग पाच दिवस एकही विद्यार्थी येणार नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या मोठेपणाने मला जास्तच वाईट वाटलं. आता त्या बऱ्या आहेत, आजपासून वरचा सा लागतो आहे असं कळतं.

पण गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. चूक झाली तर शुद्धिपत्र काढायचं हा आमच्या धंद्याचा रिवाज. मी लगेच सर्व मजल्यांवर दुसरा कागद लावला: "कलम ७ मध्ये ‘विलीनीकरण’ऐवजी ‘विलगीकरण’ असे वाचावे." शुक्रवारी सकाळी जाऊन पाहतो तो मंडळी जिथल्या तिथे, पत्ते वाटणं चालू. मी विचारलं, शुद्धिपत्र पाहिलं नाहीत का? ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "वाचलं की. सगळ्यांनी मोठ्याने वाचलं. पुढे काय करायचं ते तुम्ही लिहिलंच नाही." मी शुद्धिपत्र पुन्हा वाचलं. वाक्यरचनेच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं बिनचूक होतं.

शेवटी सेविकाबाईंनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि एका पाठकोऱ्या कागदावर स्वतः लिहिलं: "खोकला, ताप आहे? आपापल्या घरी थांबा. शक्य तर वेगळ्या खोलीत. खिडकी उघडा. कोणी जवळ आलं तर दोघांनी मास्क लावा. धाप लागली तर वाट बघू नका, डॉक्टर गाठा. म्हातारी माणसं आणि दमेकरी यांना जपा." खाली नंबर. त्यात तीन ठिकाणी मला बदल सुचत होते. मी ते गिळले. तासाभरात सगळे आपापल्या घरी गेले, शिंप्यांच्या पाठोपाठ शिवणयंत्रही गेलं, आणि त्यानंतर इमारतीत नवीन रुग्ण जवळजवळ नाहीच. मला दीड पानात जे जमलं नाही ते त्या मुलीने सहा ओळींत केलं. हे मी पहिल्यांदाच कबूल करतो आहे, तेव्हा कोणाला बोलू नकोस.

बाकी सर्व क्षेम. तुझी वहिनी नमस्कार सांगते. कळावे. लोभ आहेच, तो वाढायला सध्या एकमेकांजवळ बसायची गरज नाही.

तुझा धाकटा

ता. क. : मुद्द्याचं लिहायचं राहिलं. वीस तारखेला येऊ नको. तिकीट रद्द कर. मागच्या पत्रातलं "खुशाल ये" हे खोटं होतं, तेव्हाही साथ होती, पण तू येणार म्हणून मला इतका आनंद झाला होता की साथ आहे हे लिहवेना. आठ तासांचा बंद डब्यातला प्रवास, वर तुझा दमा. लस घ्यायची राहिली असेल तर तुझ्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचार. बाजारात मास्क लावून जा, आणि जो खोकत येईल त्याला दारातूनच बोल, मग तो नात्यातला का असेना. साथ ओसरली की मी स्वतः तुला न्यायला येईन.

दुसरा ता. क. : वर मी जिन्यातून निसटलो असं लिहिलं आहे, ते तितकंसं खरं नाही. मी आत गेलो. गुरुवारपर्यंत आतच होतो. (सेविकाबाईंना दार मीच उघडलं, तेव्हा त्यांचा चेहरा जवळून पाहायला मिळाला. आणि वर "जवळजवळ नाहीच" हा शब्दप्रयोग मी जपून केला आहे.) शनिवारी मला ताप भरला. हे पत्र मागच्या खोलीतून लिहितो आहे, दार लावून, खिडकी उघडून, म्हणजे यथाशास्त्र. ताप उतरून आता दोन दिवस झाले, धाप नाही, भूक आहे. आधी कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू विसाची वाट न बघता त्याच दिवशी निघाली असतीस.

ताई, मी वहिनी लिहिते आहे. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दाराबाहेर सरकवलं, म्हणून वाचलं. (पत्र दोन दिवस खिडकीत वाळवून मगच टाकते आहे, काळजी नसावी.) त्यांची तब्येत खरंच सुधारते आहे, डॉक्टर दोनदा पाहून गेले, काल तर औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीत चूक काढली त्यांनी. मला वाटलं होतं तुम्ही आलात तर त्यांना बरं वाटेल, म्हणून तुम्हाला गुपचूप फोन करून बोलावणारच होते. पण मधले दोन दिवस ताप बराच चढला होता, काहीबाही बोलत होते. तापात माणसं आपल्या माणसाला "ये, ये" म्हणून हाका मारतात. मी मास्क लावून दारात बसले होते, मी ऐकलंय. हे दोन दिवस एकच म्हणत होते, "ताई, येऊ नको." म्हणून मी फोन केला नाही. तुम्हीही येऊ नका.